पडायचा तास

शेनबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पडत होत्या.

आमचा फ्लॅट कतारला, दोह्यात, अल सद्द भागात, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बिल्डिंगचं मुलांचं खेळायचं अंगण दिसतं. एक घसरगुंडी, झोके आणि खाली रबराची मऊ फरशी. ती खिडकी म्हणजे माझी चौकी. दूध तापत असो की डबा भरायचा असो, माझा एक डोळा तिथे असतोच. माझी पाच वर्षांची अनुष्का खाली असली की दोन्ही डोळे. त्या सकाळी अनू अजून अंथरुणात होती आणि मी नुसतं सवयीनं खाली बघितलं, तर एक बाई धाडकन आडवी झाली. पन्नाशीची असेल. केस बारीक कापलेले, अंगात राखाडी ट्रॅकसूट. उठली आणि परत पडली. परत उठली, परत पडली.

फिट आलीय, मला वाटलं. गॅस बंद केला, नवऱ्याला, देवव्रतला, ओरडून सांगितलं, "अनूकडे बघ!" आणि पाण्याची बाटली घेऊन जिन्यानंच पळत सुटले. फोनवर ॲम्ब्युलन्सचा नंबर लावून बोट हिरव्या बटणावर ठेवलेलं. खाली पोचले तेव्हा त्या पुन्हा जमिनीवर होत्या. मी गुडघ्यांवर बसून त्यांचं डोकं धरायला गेले, तर त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला आणि हसल्या.

"नो सिक," त्या म्हणाल्या. "प्रॅक्टिस."

"कसली प्रॅक्टिस?" मी इंग्रजीत विचारलं.

त्यांनी शब्द शोधला. सापडेना, तेव्हा करूनच दाखवलं. हनुवटी छातीशी घेतली, पाठ गोल केली आणि मागच्या मागे गेल्या. हात सपाट फरशीवर आपटला, केवढा तरी मोठा 'धप्प' आवाज झाला आणि दुसऱ्या क्षणी त्या माझ्यासमोर उभ्या. चेहऱ्यावर धूळ झटकावी इतकाही फरक नाही.

मी मात्र अजून गुडघ्यांवरच, हातात बाटली, आणि फोनवर देवव्रतचा मेसेज : "काय झालं? कोण गेलं?"

*

हे दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरातलं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती, पण गावाला घाई सुटली होती. रोज सकाळी एखादा रस्ता हरवायचा आणि संध्याकाळी दुसऱ्याच ठिकाणी निघायचा. देवव्रत एका स्टेडियमच्या एअर कंडिशनिंगच्या कामावर होता, घरी आला की बुटांतून वाळू काढायचा आणि म्हणायचा, "आज परत ड्रॉइंग बदललं." शेनबाईंचे यजमान लुसैलच्या स्टेडियमवर इंजिनियर होते. ते पहाटे जायचे आणि बाई सातव्या मजल्यावर एकट्या.

नाव शेन यूलान. बीजिंगच्या खाली बावडिंग म्हणून शहर आहे, तिथल्या. ते गाव चिनी कुस्तीसाठी प्रसिद्ध. तिथल्या क्रीडाशाळेत बाईंनी आयुष्यभर मुलांना ती कुस्ती शिकवली होती. ही माहिती मला पहिल्याच दिवशी मिळाली नाही. थोडी शब्दांतून, थोडी हातवाऱ्यांतून, थोडी फोनमधल्या फोटोंतून महिनाभर गोळा होत गेली. त्यांचं इंग्रजी तेव्हा सुट्या सुट्या शब्दांचं होतं. इथे त्यांचं बोलणं मी बरंचसं मराठीतच लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाई अडखळत बोलतात म्हणजे अडखळत विचार करतात. तसं अजिबात नव्हतं.

मी नाशिकला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, हे ऐकल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"तू मला शिकव," त्या म्हणाल्या. "मी तुला शिकवते."

"मला? कुस्ती?"

"पडायला," त्या म्हणाल्या. "आधी पडायला. बाकीचं नंतर."

मी हसून सोडून देणार होते. पण रात्रभर ते 'धप्प' माझ्या कानात राहिलं. गेल्या वर्षी अनू शाळेतल्या शिडीवरून पडली होती. हनुवटीला टाके. ती त्याच दिवशी विसरली. मी नाही विसरले. तेव्हापासून घरात एकच शब्द : जपून. जपून उतर, जपून धर, जपून खा. अनू मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्रजीत देते, "आय ॲम जस्ट सिटिंग, आई." सोफ्यावर नुसती बसलेली असताना मी 'जपून' म्हटलं, तेव्हाचं हे उत्तर.

दुसऱ्या दिवशी शाळेची बस गेल्यावर मी बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये गेले. वॉचमन श्याम कुलूप उघडून देताना म्हणाला, "मॅडम, योगा?"

"वैसा ही कुछ," मी म्हटलं.

*

आमचा तास दोन भागांत असायचा. आधी इंग्रजी, मग पडणं. आणि मधे चहाचा थर्मास.

हा थर्मास हीच त्यांच्या शिस्तीची खूण होती. इंग्रजीच्या भागात मी शिक्षक, म्हणून त्या झाकणात चहा ओतायच्या आणि दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे करायच्या. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, फुलांच्या वासाचा. मी पिऊन झाल्यावर तास सुरू. अर्ध्या वेळानंतर थर्मास माझ्याकडे. मग मी ओतायचा, दोन्ही हातांनी द्यायचा आणि म्हणायचं, "शेन लाओशी." लाओशी म्हणजे गुरुजी. त्या घोट घेईपर्यंत मी उभं राहायचं. घोट घेतला की वर्ग त्यांचा.

पहिल्या दिवशी मला संकोच वाटला. माझ्या आईच्या वयाच्या बाई माझ्यापुढे वाकून चहा धरतात! मी म्हटलं, "प्लीज, असं नका करू."

"शिकणारा ओततो," त्या म्हणाल्या. विषय संपला.

आणि चहा दिल्यावर त्या खरोखर विद्यार्थिनी व्हायच्या. अशी विद्यार्थिनी मला नाशिकला मिळाली नव्हती. पाठ ताठ, नजर माझ्या ओठांवर. मी सांगितलेलं वाक्य त्या भाजी घेताना म्हणायच्या, लिफ्टमध्ये म्हणायच्या, लिफ्टमधल्या केरळी आजोबांना ऐकवायच्या. एकदा मी चुकून एका शब्दाचा उच्चार दोन दिवस दोन तऱ्हेनं केला. त्यांना कळलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत; दोन्ही पाठ करून आल्या. शिक्षकाशी वाद घालायचा नसतो. त्या तासात तरी नाहीच.

मी त्यांच्या तासात अशी नव्हते. मी वाद घालायचे, आणि तोही अंगानं. त्या माझं कोपर आणि कंबर धरायच्या, हलकेच वळायच्या, मला मागे जाऊ द्यायच्या, आणि ऐन वेळी माझा हात आपोआप मागे जमिनीकडे जायचा. टेकू द्यायला. मी पडायचेच नाही. अर्धवट बसायचे, लटकायचे, त्यांचा ट्रॅकसूट घट्ट धरून ठेवायचे.

"हात घाबरट आहे," त्या म्हणायच्या. "हात मागे गेला की मनगट मोडतं. हाताला सांग, जमीन शत्रू नाही."

"सांगते," मी म्हणायचे. हात ऐकायचा नाही.

त्या कधी चिडल्या नाहीत. 'शाब्बास' तर कधीच म्हणाल्या नाहीत. माझी हनुवटी दोन बोटांनी खाली करायच्या, पाठीवर तळवा ठेवून ती गोल व्हायची वाट बघायच्या. वाट बघताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की वाटावं, या बाईंकडे जगातला सगळा वेळ आहे आणि तो त्यांनी माझ्या पाठीच्या कण्यासाठी काढून ठेवलाय. मी इतकी वर्षं शिकवलं. असं थांबणं मला जमलं नव्हतं. मुलगा अडला की मी उत्तर सांगून मोकळी व्हायचे.

देवव्रतनं त्यांना 'वस्तादबाई' नाव ठेवलं.

"काय म्हणतात वस्तादबाई? आज किती वेळा आपटलं तुला?"

"एकदाही नाही."

"म्हणजे तू जिंकतेयस?"

"नाही रे. मी पडतच नाहीये."

"नाशिकचं पाणी," तो म्हणाला आणि बुटांतली वाळू गॅलरीत ओतायला गेला.

नाशिकहून रोज संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. त्यांना मी सांगितलं, तर त्या फोन अगदी नाकाशी धरून म्हणाल्या, "अगं, मुलीची आई तू. कुस्ती कसली खेळतेस? हातपाय मोडून बसलीस तर तिथं करणारं कोण आहे?"

"खेळत नाही, आई. पडायला शिकतेय."

"ते शिकावं लागतं होय?" त्या म्हणाल्या. "जप बाई. अनूलाही जप."

*

नोव्हेंबरात शेनबाई तासाला आल्या त्या धावतच. चहा ओतायचंही विसरल्या. हे त्यांच्याकडून पहिल्यांदाच. अल गराफाच्या एका शाळेत शाळा सुटल्यानंतरचे खेळाचे वर्ग चालायचे. वर्ल्ड कपमुळे सगळ्या शाळांना काहीतरी नवीन खेळ दाखवायचा होता. तिथल्या कोऑर्डिनेटर अमिना मॅडमनी शेनबाईंना बोलावलं होतं. डेमो क्लास द्यायचा, पाच ते आठ वर्षांच्या मुलांना, पालकांसमोर. पुरेशा पालकांनी नावं दिली तर जानेवारीपासून वर्ग. अट एकच, सगळं इंग्रजीत.

"बावडिंगमध्ये मी शेन लाओशी," त्या म्हणाल्या. एकेक शब्द ठेवत बोलत होत्या. "बाजारात, बसमध्ये, सगळे म्हणतात, शेन लाओशी. इथे मी सेव्हन-झिरो-टू."

सातशे दोन हा त्यांच्या फ्लॅटचा नंबर.

"यजमान म्हणतात, कंटाळलीस तर परत जा. स्टेडियम होईपर्यंत मी एकटा राहीन. मला परत जायचं नाही. त्यांना सोडून नाही. पण सेव्हन-झिरो-टू होऊन पण राहायचं नाही."

मला ते इतकं आतपर्यंत कळलं की मी पटकन दुसरीकडे बघितलं. माझा फ्लॅट तीनशे चार.

"वर्ग मिळणार," मी म्हटलं. "मी तयारी करून घेते."

आणि मी झटून तयारी केली. 'गुड आफ्टरनून, चिल्ड्रन'पासून ते 'थँक यू, पेरेंट्स'पर्यंत एकेक वाक्य मी त्यांच्या तोंडात बसवलं. मधल्या भागासाठी, म्हणजे मुलं प्रत्यक्ष पडणार तेव्हासाठी, मी वाक्यं दिली ती अशी : बी केअरफुल. स्लोली. डोंट हर्ट युवरसेल्फ. केअरफुल, केअरफुल.

त्यांनी म्हणून बघितलं. मग पहिल्यांदाच इंग्रजीच्या तासात प्रश्न विचारला. "पण हा तास पडायचा आहे. केअरफुल म्हटल्यावर मूल पडेल?"

"समोर आया बसणार आहेत," मी म्हटलं. "त्यांना ऐकायचंय की तुम्ही मुलांना जपताय. आया मला माहीत आहेत. मी आईच आहे."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. तासाच्या सुरुवातीचा, विसरलेला चहा त्यांनी आता ओतला, दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाल्या, "येस, टीचर."

त्यानंतर त्यांनी ते 'केअरफुल' इतकं घोटलं की एके सकाळी लिफ्टचं दार लागताना त्या केरळी आजोबांना म्हणाल्या, "केअरफुल, केअरफुल," आणि आजोबा दचकून भिंतीला टेकले.

*

डेमोच्या दिवशी आम्ही तिघी कारलिफ्टनं, म्हणजे ओळखीच्या ड्रायव्हरच्या भाड्याच्या गाडीनं, निघालो. शेनबाई, मी आणि अनू. शेनबाईंनी अंगात कुस्तीचं जाड कॅनव्हासचं अर्ध्या बाह्यांचं जाकीट घातलं होतं, कमरेला पट्टा. अनू त्या पट्ट्याचं टोक हातात धरून बसली होती. अनूला मुलांच्या रांगेत उभं करायचं ठरलं होतं. माझ्या मनाविरुद्ध नव्हे. पण मनानंही नव्हे.

"बहनजी, आज फिर डायव्हर्जन," ड्रायव्हर दिलावरभाई म्हणाले. "कल तक यहीं से जाता था रास्ता."

लाल-पांढऱ्या अडथळ्यांची रांग, मागे उकरलेली जमीन, त्यावर पिवळ्या मशिनी. आम्ही एका फलकाभोवती दोनदा फिरून आलो. शेनबाईंनी पिशवीतून थर्मास काढला. गाडी हलत असताना झाकण भरलं, एक थेंब सांडू न देता, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"आज माझी परीक्षा," त्या म्हणाल्या. "आज पूर्ण दिवस तू टीचर."

मी प्यायले आणि थर्मास माझ्या पर्समध्ये ठेवला. मला अभिमान वाटला होता, खरं सांगायचं तर.

शाळेचा हॉल मोठा, थंडगार. मधोमध निळ्या मॅट जोडून अंथरलेल्या. एका बाजूला खुर्च्यांवर पालक. आम्ही भारतीय बऱ्याच, काही इजिप्तच्या आया, काही फिलिपिनो, दोन-तीन बाप ऑफिसचे बिल्ले गळ्यात घालूनच आलेले. अमिना मॅडम कडेला उभ्या, एक डोळा घड्याळावर.

सुरुवात सुंदर झाली. "गुड आफ्टरनून, चिल्ड्रन. माय नेम इज शेन लाओशी." एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. मी मनात पुढचं वाक्य म्हणायच्या आत त्या म्हणत होत्या. बाजूच्या खुर्चीतली बाई मला हळूच म्हणाली, "बहुत ग्रेसफुल हैं." मी अशी खुलले, जणू माझंच कौतुक.

मग पहिला मुलगा पुढे आला. लुकडासा, चष्मेवाला. शेनबाईंनी त्याचं कोपर धरलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "स्लोली. बी केअरफुल."

मुलगा लाकडासारखा ताठ झाला. मागे वळून त्यानं आईला शोधलं. आई खुर्चीच्या टोकावर आली.

"केअरफुल, केअरफुल," शेनबाई म्हणाल्या, आणि तो बसला. पडला नाही, हळूच, म्हाताऱ्या माणसासारखा बसला.

दुसरी मुलगी रडायच्या बेतात. तिसऱ्यानं अंग सोडलं, पण शब्द ऐकून ऐन वेळी हात मागे टेकला आणि मनगट दाबलं गेलं. फार नाही, पण भोकाड पसरलं. त्याच्या आईनं धावत येऊन उचललं आणि खुर्चीकडे नेताना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "एवढ्या लहान मुलांना कशाला हे?"

खुर्च्यांमधून कुजबुज सुरू झाली. एका बापानं बिल्ला खिशात घातला, निघायची तयारी. अमिना मॅडमनी फोन काढला.

शेनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनं 'नाही, नाही' केलं. त्यांना वाटलं आणखी सावकाश. त्या आणखी सावकाश झाल्या, आवाज आणखी मऊ केला. "व्हेरी, व्हेरी केअरफुल."

पुढचा नंबर अनूचा होता.

ती मॅटवर आली आणि शेनबाईंकडे न बघता तिनं थेट माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. घसरगुंडीच्या वर बसल्यावर, झोक्यावर चढल्यावर, पायरीच्या टोकाशी, ती अशीच बघते. मला इतके दिवस वाटायचं की ती 'आई, मी करू का?' असं विचारते. आज त्या हॉलमध्ये मला दिसलं की ती विचारते, 'आई, आता घाबरायचं का?'

आणि मी दर वेळी हो म्हणते.

शेनबाईंच्या तोंडून जे येत होतं ते त्यांचं नव्हतंच. ती माझी खिडकी होती. माझं 'जपून' त्यांनी नीट पाठ करून, स्वच्छ उच्चारांत, परक्या मुलांना दिलं होतं. कारण मी त्यांची टीचर होते आणि आज पूर्ण दिवस मीच टीचर होते. नुसती मान हलवून ते सुटणार नव्हतं. ओरडून सांगितलं असतं तरी त्यांनी आणखी एक सूचना म्हणून ऐकलं असतं.

मी चपला काढल्या. पर्समधून थर्मास काढला आणि मॅटवर गेले.

सगळा हॉल बघत होता. बायका ज्या नजरेनं बघतात त्या नजरेनं, म्हणजे माझ्याच नजरेनं. झाकणात चहा ओतला. थोडा निळ्या मॅटवर सांडला. मी दोन्ही हातांनी झाकण पुढे धरलं आणि मान वाकवली.

"शेन लाओशी."

त्यांनी चहाकडे बघितलं. मग माझ्याकडे. फार वेळ लागला असं मला वाटलं.

"युवर लेसन?" त्यांनी विचारलं.

"फिनिश," मी म्हटलं. "खलास."

त्यांनी झाकण घेतलं आणि एका दमात रिकामं केलं. ते कडेला ठेवलं, पट्टा सोडून पुन्हा आवळला. त्या वळल्या तेव्हा सातशे दोनमधल्या बाई तिथे नव्हत्या. ज्यांना बाजारात, बसमध्ये लोक ओळखतात, त्या होत्या. खांदे खाली आले होते, पाय जमिनीत रुतल्यासारखे. अख्ख्या हॉलचं मधलं ठिकाण आपोआप त्यांच्यापाशी सरकलं.

"लुक," त्या मुलांना म्हणाल्या. "धिस इज अ मदर. मदर फॉल."

मला मागे फिरायला वेळच मिळाला नाही. त्यांचा हात माझ्या कोपराशी आला, कंबर माझ्या कमरेखाली शिरली, आणि पायाखालची मॅट गेली. छताचे दिवे गोल फिरले. माझा हात मागे जायला निघाला, हे मला कळलं. आणि मी त्याला जाऊ दिलं नाही. हनुवटी आत. पाठ गोल.

धप्प!

मी पाठीवर पडून दिव्यांकडे बघत होते. दुखत कुठेच नव्हतं. तळहात झिणझिणत होता, टाळी वाजवल्यावर होतो तसा.

मग एक खिदळणं ऐकू आलं.

"आई पडली!" अनू ओरडली. मराठीत. "आई, परत पड! परत!"

मुलांची रांग फुटली. "मी! मी!" "मॅम, मी!" शेनबाईंनी एकच हात वर केला आणि रांग पुन्हा लागली. आता त्यांचं इंग्रजी त्यांचं स्वतःचं होतं, व्याकरणाची पर्वा नसलेलं. "चिन. राउंड. फॉल! बिग साउंड, गुड. नो साउंड, अगेन."

मोठा आवाज म्हणजे छान! मुलांना एवढंच हवं होतं. घरी, शाळेत, बिल्डिंगमध्ये सगळीकडे 'हळू, हळू' ऐकणाऱ्या मुलांना कुणीतरी जोरात आपटायला सांगत होतं. धप्प, धप्प, धप्प. चष्मेवाल्यानं चष्मा आईकडे फेकला आणि तीनदा रांगेत घुसला. मनगटवाला रडका मुलगा आईच्या मांडीवरून घसरत घसरत कधी मॅटवर पोचला, तिला कळलंही नाही.

मी खुर्चीवर परत येऊन बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. अनूची पाळी आली. शेनबाईंनी तिची हनुवटी दोन बोटांनी खाली केली, पाठीवर तळवा ठेवला आणि थांबल्या. जगातला सगळा वेळ. अनूची पाठ हळूहळू गोल झाली. मग ती गेली. छोटासा, नेटका धप्प. उठली, केस मागे सारले आणि पळत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मी वाट बघत होते, पण नाही बघितलं.

*

अमिना मॅडम फोन खिशात घालून आल्या. त्यांच्या हातात नावांचा कागद होता आणि पालक त्याच्याभोवती गोळा झाले होते. "जानेवारीपासून, इन्शाल्ला," त्या शेनबाईंना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण पहिल्या दिवशी या मॅडमना पण आणा. आयांना दाखवायला."

"ती माझी टीचर आहे," शेनबाई म्हणाल्या.

"अच्छा?" अमिना मॅडमनी मॅटवरच्या चहाच्या डागाकडे बघितलं. "मला वाटलं, उलटं आहे."

"उलटं पण आहे," शेनबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर दिलावरभाईंना जाताना बंद असलेला रस्ता उघडा मिळाला. अनू शेनबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दूर कुठेतरी क्रेनची टोकं उन्हात चमकत होती. त्यांतली एखादी त्यांच्या यजमानांची असेल. मी विचारलं, "उद्या इंग्रजीचा तास?"

"उद्या तास," त्या म्हणाल्या. "पण 'केअरफुल' नको. दुसरा शब्द दे."

घरी आल्यावर जेमतेम हातपाय धुतले आणि सासूबाईंचा कॉल. मी ओट्याशी फोन टेकवून कणीक मळत होते. खाली अंगणात अनू घसरगुंडीवर होती, देवव्रत तिच्याजवळ. मी खिडकीकडे पाठ करून उभी होते.

"कसा झाला गं तुझ्या त्या बाईंचा कार्यक्रम?"

"छान झाला. वर्ग मिळाला त्यांना."

"बरं झालं. आणि तू? तू नाही ना काही केलंस?"

"मी पडले, आई."

"अगं बाई!" फोनच्या पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ दिसायला लागलं. "लागलं का? कुठं? तरी मी सांगत होते!"

"नाही लागलं. छान पडले."

मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "कुणी बघितलं नाही ना?"

"सगळ्यांनी बघितलं," मी म्हटलं.